हॉटलाइन

उद्यमनगरात तेव्हा कोळशाची भट्टी होती,
आणि मगदुमांच्या फौंड्रीत जग दोन जागी बसायचं:
केबिनमध्ये अमेरिका, गेटवर रशिया.
अण्णाप्पा मगदुमांच्या टेबलावर, काचेखाली,
शिकागोच्या कुठल्याशा कारखान्याचं रंगीत चित्र.
कॉम्रेड दिनकर इंगवले
मोल्डिंगच्या काळ्या वाळूत बोटानं
व्होल्गेवरचं धरण काढून दाखवायचे
आणि भोंगा झाला की चपलेनं पुसायचे.

मी चौदाचा. माझ्याकडं चहा आणि निरोप.
एकोणऐंशीचा संप एक्केचाळीस दिवस चालला,
तेवढे दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.
बोललो मी.
पत्र्याच्या शेडखालून बावीस पावलं इकडं, बावीस तिकडं.
"त्याला सांग, बोनस नाही."
"त्याला सांग, मग भट्टी नाही."
निरोपातली शिवी मी वाटेतच गिळायचो,
गेटवर पोचेपर्यंत वाक्य जरा निवलेलं असायचं.
मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्येही एक तार टाकलीय म्हणे,
चुकून जग जळू नये म्हणून.
तिच्यात असं एखादं पोरगं बसवलं होतं का, ठाऊक नाही.

दोघांची मासिकं शिळी झाली की आमच्या घरी.
काय तो गुळगुळीत कागद!
धाकटीच्या भूगोलाला युक्रेनचा गहू,
गणिताला आयोवाचा मका.
वर्षभर एकाच दप्तरात घासून घासून
एप्रिलपर्यंत कुणाचं पीक कुठलं, कळायचं नाही.

पुढं पेपरात फोटो आला:
दोन पुढारी, शेकोटीपुढं खुर्च्या टाकून.
मगदूम म्हणाले, "ही नुसती सलामी. कुस्ती पुढं असती."
मी निरोप पोचवला.
इंगवले म्हणाले, "बरोबर बोलतोय."
एवढ्या वर्षांत असलं उत्तर
मी पहिल्यांदाच परत नेलं,
आणि वाटेत गिळायला काही नव्हतं.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात तिकडं झेंडा उतरला.
दुसऱ्या दिवशी इंगवले वेळेवर आले,
वाळूत काहीच काढलं नाही.
मला वाटलं, मालक आता पेढे वाटणार.
मालक केबिनमधून बाहेर आले.
हातात कपबशी. अर्धा चहा बशीत सांडलेला.
बावीस पावलं त्यांना सवयीची नव्हती.
"दिनकर, घे. साखर कमी असंल."
त्या दिवशी मला काम नव्हतं.

मग ती बातमी आली,
रशियाच्या बॉम्बमधलं युरेनियम पातळ करून
अमेरिकेत वीज करतात.
इंगवले खोकला येईपर्यंत हसले:
"म्हणजे आमच्या बॉम्बवर ह्यांचा बल्ब!"
मगदूम म्हणाले, "भट्टीला काय कळतंय भंगार कुणाचं."
जरा थांबून म्हणाले,
"पण गंधक राहिलं ना आत, तर ओतताना दिसत नाही.
निवताना तडकतं."

इंगवले गेले त्याला आता चौदा वर्षं.
फौंड्री शिरोलीला गेली, नातू बघतो,
इंडक्शनची भट्टी, धूर नाही, वाळूसुद्धा यंत्र भरतं.
आणि तिकडं पुन्हा
वकिलातीतली माणसं बॅगा भरून विमानात,
जुने करार एकेक करून मुदत संपलेल्या औषधासारखे,
आणि युक्रेनच्या गव्हात रणगाडे.
भूगोलाचं ते कव्हर आठवलं की मी चॅनल बदलतो.

मगदूम एकोणनव्वदचे. रात्री बातम्या झाल्या की फोन.
"बघितलास? पुन्हा तेच. माझं ऐकलं असतं तर...
त्याला सांग..."
आणि थांबतात.
त्यांच्या घरातला पंखा ऐकू येतो.
मी काही आठवण करून देत नाही.
"सांगतो," म्हणतो,
आणि फोन ठेवून उगाच अंगणात
चालत राहतो, मोजत.